वाचल्याशिवाय अंगठा नाही

पंचाहत्तरीला आलेय मी. जालन्यात मस्तगडला राहते. परवा नातसून म्हणाली, "आजी, तुमच्या काळी बायका गप्पच बसायच्या ना?" मला रागच आला. कोण गप्प बसत होतं?

मी चौथीत होते तेव्हा भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावानं आईला ग्रामपंचायतीत घेतलं. कायद्यानं बाया घ्याव्याच लागत, म्हणून. बैठकीला तिला कुणी बोलवायचं नाही. शिपाई वही घेऊन घरी यायचा. आई चुलीपुढून उठून अंगठा उठवायची, हात धुऊन पुन्हा भाकरी थापायला बसायची.

एकदा तिनं हात मागं घेतला. "काय लिवलंय ह्यात?"

"तुमाला काय करायचं, काकू? उठवा जल्दी."

"मंग सांग त्यांना, मीच येऊन राह्यले."

वडील ओरडले, "चार माणसांत जाऊन बसणार? तोंड दाखवायला जागा ठेवणार न्हाई तू!" आईनं पदर खोचला, माझा हात धरला आणि निघाली.

चावडीत सगळे पुरुष सतरंजीवर बसलेले. सरपंच म्हणाले, "वैनी, कशाला तसदी घेतली? वही घरी आली असती." कुणी सरकेना. आई उभीच राहिली. शेवटी एकजण सरकला, तशी ती बसली आणि वही माझ्यापुढं ओढून म्हणाली, "वाच."

मी अडखळत वाचलं. वहीप्रमाणे मागच्या तिन्ही बैठकांना आई हजर होती. गावच्या विहिरीला कठड्याची गरज नाही, या ठरावाला तिची संमती होती.

त्याच विहिरीवर पाणी शेंदताना माझी चुलती आत पडली होती. दोर धरून वाचली, पण खांदा कायमचा गेला.

"त्या बैठकीच्या दिवशी मी वावरात कापूस वेचत व्हते," आई म्हणाली. "ह्याला माझी बिलकुल संमती न्हाई. तसं लिवा. पोरगी वाचंल, मंगच अंगठा."

कुणीतरी हसलं. लेखणी उचलायला बराच वेळ गेला, पण लिहिलं गेलं.

वडील आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. ती पुढच्या बैठकीलाही गेली. त्याच्या पुढच्याही. दुसऱ्या वर्षी कठडा झाला. नारळ फोडताना तिला बोलावलं नाही. नव्या पंचायतीत तर तिला वगळून एका मुकाट बाईला घेतलं.

आई त्या बाईच्या घरी गेली. म्हणाली, "उद्या बैठक हाय. चल, मी येते संगं."