अवेळी व्यायलेली

वारज्याच्या टेकडीखाली मेंढरं चारणाऱ्या त्या बाई बोलताना कधी माझ्याकडे बघत नसत. अवेळी कुणी गाभण राहू नये म्हणून नराच्या पोटाखाली बांधलेल्या फडक्यावर त्यांची नजर असे.

"आमची मेंढी थंडीत व्याती, ताई. ही नव्या जातीची कवाबी माजावर येती," त्या धास्तावून सांगत.

हिवाळ्यात फडकं एकदा सुटलंच. मे महिन्यात ती मेंढी माझ्यासमोर व्यायली. पहिलं कोकरू उठलं, दुसरं निपचित. बाईंनी त्याच्या नाकाला तोंड लावून चिकट पाणी ओढून थुंकलं, फुंकर घातली. ते ओरडलं. मी हसले.

बाईंनी मात्र मेंढीची कास चाचपून पाहिली.

"रान वाळलंय. दूध एकालाबी पुरायचं न्हाई," म्हणत त्यांनी अशक्त कोकरूच आधी कासेला लावलं.