मातामायच्या कोंबड्याला हात लावणारी

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात भाजी घेत होते. फोन त्यांच्या शेजारणीचा, सेवंताचा. ती म्हणाली, "मंगला, बाई गेली वं. आंगनात बसल्या बसल्या गेली." जवळ कोण आहे, असं मी विचारलं. "मीच हावो. बाकीचे फाटकापाशी उभे हायेत. आतमधी कोनी येऊन नाई रायलं." माणूस गेल्यावर गाव आत येत नाही, हे ऐकून मी भाजी तशीच टाकून निघाले. आणि तसं का झालं, हे सांगितल्याशिवाय बाईंबद्दल काहीच सांगता येणार नाही.

बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, यमुनाबाई. सालेकसाकडे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात त्या एकट्या राहायच्या. भाऊजी लवकर गेले, मूलबाळ झालं नाही. थोडी धानाची शेती, मोहाच्या दिवसांत मोहफुलं, आणि बारा महिने कोंबड्या. तोंड असं की गावात कुणी त्यांच्या वाटेला जात नसे. मी गेले की माझ्याशी चार शब्द बोलायच्या आणि उरलेला दिवस कोंबड्यांशी. मी चिडवलं तर म्हणायच्या, "तुह्यापेक्षा ह्या बऱ्या. आयकून तं घेते!" त्या कोंबड्यांशी बोलतात याचं तेव्हा सगळ्यांना हसू यायचं. पुढे त्याच गोष्टीची भीती वाटायला लागली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस सरत आला होता आणि मी गावी गेले होते. दिवस मावळायला आला तरी एकही कोंबडी खुराड्यात जाईना. सगळ्या कवेलूंच्या छपरावर ओळीनं बसल्या होत्या, तोंडं खुराड्याकडे, आणि आवाज एकीचाही नाही. संध्याकाळी कोंबड्या किती कलकल करतात हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती शांतता कळेल. "काऊन जाऊन नाई रायल्या?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. जवळून पाहिलं तर तुरे पांढुरके पडले होते. खुराडं मात्र स्वच्छ दिसत होतं. आत साप नव्हता, मुंगूस नव्हतं, काहीच नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. कोंबडी खुडूक झाली आणि आपल्याला अंडी उबवायची नसली, तर ती शेजारणीला द्यायची. पिल्लं निघाली की अर्धी अर्धी. बाईंनी आपली खुडूक कोंबडी सेवंताला दिली होती, टोपलीतल्या तणसासकट, कारण जागा बदलली की कोंबडी उठते. ती उठली नाहीच. एका सकाळी सेवंतानं पाहिलं तर कोंबडी अंड्यांवर बसल्या बसल्या मेलेली, डोळे उघडे, आणि खाली अंड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके. अंगावर जखम कुठेच नव्हती. मग सेवंताच्या घरच्याही कोंबड्या पांढुरक्या पडू लागल्या. तिच्या घरात तान्हा नातू होता. ती घाबरली, आणि घाबरलेल्या माणसानं बोलू नये ते चारचौघींत बोलून बसली. "कोनीतरी रगत पिऊन रायलं. बाईच्या घरूनच आलं थे."

टोनही, म्हणजे चेटकीण. हा शब्द बाईंच्या तोंडावर कुणी उच्चारला नाही. पण ज्या बाईला तो चिकटतो, तिच्या घरचं पुढे कुणी काही नेत नाही. विस्तव नाही, कोंबडं नाही, ती मेल्यावर मागे उरलेलं भांडंही नाही. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. मरणाची त्यांना भीती नव्हती. पण तो शब्द अंगावर घेऊन मरायचं नव्हतं. "मी मेली तं माह्या कोंबड्या कोनी नेल्या पायजे," त्या मला म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज बारीक वाटला.

पशुसखी, म्हणजे गावोगाव जनावरांची दवा सांगत फिरणारी बाई, आली ती अशा वेळी. तिनं उजेडात खुराडं पाहिलंच नाही. अंधारून आल्यावर आतल्या बांबूला पांढरं फडकं गुंडाळून ठेवायला सांगितलं. थोड्या वेळानं बाईंनी ते बाहेर काढलं, आणि मी आजवर पाहिलेली सगळ्यात भयंकर गोष्ट पाहिली. फडकं हलत होतं. खसखशीएवढे लाल किडे, इतके की कापडच जिवंत वाटावं. दिवसा लाकडाच्या फटींत लपतात, अंधार पडला की कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितात. माझ्या हातांना तिथेच खाज सुटली, आणि खरं सांगते, आजही हे लिहिताना सुटली आहे. बाई मात्र फडक्याकडे बघत हसल्या. "हे पाय, टोनही!" त्या म्हणाल्या.

जुनं तणस जाळलं. फटी खरवडून उकळतं पाणी ओतलं. चुना मारला, दवा फवारली, किड्यांची अंडी फुटून पुन्हा नवे निघतात म्हणून आठवड्यानं सगळं परत केलं. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा केला. सेवंताच्या खुराड्यालाही बाईंनी स्वतः चुना मारला. ती दारात उभी राहून बघत होती, नको म्हणाली नाही. तुरे लाल झाले. आणि महिनाभरानं पुन्हा सगळ्या छपरावर जाऊन बसल्या, तोंडं खुराड्याकडे, मुकाट. आता मात्र गाव उघड बोलू लागलं. दवेनंही जात नाही ते काय असणार?

जी चूक झाली होती ती आमच्याकडच्याच माणसाच्या हातून होऊ शकते. बाईंनी गावदेवी मातामायच्या नावानं एक कोंबडा सोडला होता. देवीच्या नावानं सोडलेल्या कोंबड्याला वाहेपर्यंत कुणी हात लावत नाही. तो खुराड्यात झोपतही नाही. परसातल्या भिंतीतला एक कोनाडा त्याचा. तिथे चुना नाही की दवा नाही. पशुसखीला कुणी तो दाखवलाही नव्हता, कारण तो कोंबड्यांत धरलाच जात नव्हता. बाईंनी रात्री तिथेही फडकं ठेवून पाहिलं, तर किडे तिथे सुखानं राहिले होते.

"मी शिवतो त्याले," बाई म्हणाल्या. मी घाबरले. गाव जिला टोनही म्हणतंय तिनं देवीच्या कोंबड्याला हात लावायचा, आणि उद्या तो मेला तर? "मंग लपून कायले करू? सगळ्यायले बलाव," त्यांचं उत्तर. फाटकाशी बाया जमल्या. बाईंनी कोंबडा काखेत घेतला, पंखांखाली राख चोळली, आणि तो कोनाडा पार आतपर्यंत खरवडून जाळला. चरचर आवाज आला. सेवंतानं नातवाचं तोंड पदरानं झाकलं होतं.

कोंबडा मेला नाही. पुढे वाहायचा दिवस आला तेव्हा त्या गोष्टीला कितीतरी महिने होऊन गेले होते. मातामायपाशी कोंबड्यासमोर तांदूळ टाकतात. त्यानं टिपले तर देवीला मान्य. बाईंनी तांदूळ टाकले. कोंबडा मान वाकडी करून उभाच राहिला... तांदळाकडे नाही, बाईंकडे बघत. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळताना मला दिसत होता. सगळ्या त्याच्या चोचीकडे बघत होत्या आणि मला आजूबाजूचा एकही पक्षी ऐकू येत नव्हता. मग त्यानं एक दाणा टिपला.

त्यानंतर बोलणं थांबलं, पण तो शब्द गेला नाही, नुसता दबला. बाईंना मात्र एक सवय लागली. रोज संध्याकाळी खुराड्यापाशी उकिडवं बसायचं, उघडा हात खांद्यापर्यंत आत घालायचा, फटीला टेकवून स्थिर ठेवायचा आणि बाहेर काढून उजेडात बघायचा. हातावर काही चढलं नसलं की "या वं" म्हणायच्या. हळूहळू कोंबड्यांनाही तेच लागलं. हात बाहेर येईपर्यंत मागे थांबायच्या.

बाईंचं तेरावं झालं आणि सगळे पांगले. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर कोंबड्या नातेवाइकांनी केव्हाच वाटून घेतल्या असत्या. बाईंच्या कोंबड्यांचं नावही कुणी काढलं नाही. मला फ्लॅटमध्ये नेता येत नव्हत्या. म्हणजे शेवटी तेच झालं, असं मनात घेऊन मी गोंदियाला परतले आणि कितीतरी दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मागच्या आठवड्यात घराला कुलूप लावायला गेले. पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. फाटक उघडलं. खुराड्यापाशी एक बाई उकिडवी बसली होती, खांद्यापर्यंत हात आत, मान एका बाजूला. मागे कोंबड्या गप्प उभ्या. माझ्या तोंडून "बाई" एवढंच निघालं, तेही धड नाही. तिनं वळून पाहिलं. सेवंता होती.

"माह्या घरी नेल्या होत्या," ती म्हणाली. "नाई राहत. संध्याकार झाली का इथंच येते. अना हात घातल्याबिगर आत जात नाई. मंग मीच रोज येऊन रायली."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. असं रिकामं घर पाहून वाटते." तिनं हात आणखी आत सरकवला. "बाईची नाई वाटत."

तिनं हात बाहेर काढला. मुठीत एक अंडं होतं. आधी तिनं हात कोपरापासून खांद्यापर्यंत उजेडात फिरवून पाहिला, मग कोंबड्यांकडे बघून "या वं" म्हणाली, आणि त्या एकेक करून आत गेल्या. दार लावून तिनं अंडं पदराच्या टोकाला बांधलं.

"नातवाले उकडून देतो," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.