समासातल्या चार-पाच ओळी

माझा मित्र गेल्यावर आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर जो मजकूर फिरला, त्यातले शेवटचे वाक्य असत्य आहे. 'अखेरच्या काळात एका क्षुल्लक वादामुळे दोघा जुन्या मित्रांचे बोलणे बंद झाले होते', असे ते वाक्य. लिहिणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटाचीदेखील चित्रफीत काढतात. मी चाळीस वर्षे अमरावतीच्या न्यायालयात वकिली केली आहे. असत्य विधान उत्तराविना सोडून देण्याची मला सवय नाही. बोलणे बंद नव्हते. वादही क्षुल्लक नव्हता.

मंडळ म्हणजे अमरावती-अकोल्याचे आम्ही सात-आठ जण, लढायांच्या इतिहासाने झपाटलेले. दर दोन महिन्यांनी एका रविवारी एकाच्या घरी जमायचे. यजमानाने कपाटे उघडायची. बाकीच्यांनी पुस्तके हाताळायची, मनातल्या मनात जळायचे आणि चिवडा खाऊन परतायचे. माझा संग्रह लढाईवार लावलेला आहे, प्रत्येक खणाला टंकलिखित पट्टी आहे. अकोल्याच्या या मित्राकडे असले काही नव्हते. तो बाळापूरकडचा शेतकरी; मुलांच्या शिक्षणासाठी अकोल्यात घर केलेला, पण जीव काळ्या जमिनीत ठेवलेला. त्याने पुस्तके आपल्या मुलखासारखी लावली होती. गाविलगड सगळ्यात वरच्या खणात, त्याखाली पूर्णेचे खोरे, आणि बाळापूर तळाशी, जिथे वाकल्याशिवाय हात पोहोचत नसे.

"डोंगर वरते अन् पानी खालते," तो पाहुण्यांना सांगे. "आंधयालेबी पुस्तक सापडलं पायजे."

या पद्धतीची मी यथेच्छ टिंगल केली आहे. तरी माझ्याकडे नसलेली किमान तीस पुस्तके त्याच्याकडे होती, हे इथे नमूद करतो.

त्याच्या-माझ्यात एक रीत होती. पुस्तक उसने न्यावे, पटले नाही तिथे समासात पेन्सिलीने आक्षेप लिहावा आणि परत द्यावे. मालकाने त्याखाली उत्तर लिहून पुस्तक पुन्हा धाडावे. शाई चालणार नाही. आणि स्वतःच्या पुस्तकात आक्षेप लिहायचा नाही. तो हक्क केवळ उसने नेणाऱ्याचा. पंचवीस वर्षे आमची पुस्तके मूर्तिजापूरमार्गे एसटीने ये-जा करत होती. काही पानांवर मूळ मजकुरापेक्षा आमचाच मजकूर अधिक झाला होता.

माझा हात जड आहे. त्याचे अक्षर बारीक, कागदावर जेमतेम टेकलेले.

"वकीलसाहेब, तुमी पेन्सिल चालवता का वखर?" तो विचारी. "तुमचा आक्षेप तर मांगच्या पानावरूनबी वाचता येते."

"आक्षेप दिसायलाच हवा, भाऊसाहेब."

"दिसू द्या ना. पन जमिनीले काहून मारता?"

आमचा सर्वांत जुना वाद गाविलगडाचा. १८०३ साली इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला फितुरीने पडला, आतून कोणी तरी दार उघडले, असे माझे मत होते. इतका बळकट किल्ला एरवी पडणे अशक्य, हा माझा युक्तिवाद. तो म्हणे, फितुरी नव्हती; शिडी लावून माणसे आतला तट चढली आणि मग दार उघडले. दोघांचाही आधार एकच होता. लाल कापडी बांधणीचे एक जुने इंग्रजी पुस्तक, त्याच्या वरच्या खणातले. तो दहावीपर्यंत शिकलेला. शब्दकोश शेजारी ठेवून, ओळीवर बोट ठेवून वाचत असे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मंडळ माझ्या घरी जमले. ते लाल पुस्तक तेव्हा माझ्याकडेच उसने होते. बँकवाले चित्रफीत काढत होते. माझ्या कपाटापुढे उभे राहून, माझ्याच पुस्तकांना साक्षीला धरून, माझा मित्र शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेबाचा संग्रह लय मोठा. पन गाविलगडावर त्यायनं फितूर उगाच चढोला."

सगळे हसले. मला ते सहन झाले नाही.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "पुस्तके जमवणे वेगळे आणि वाचणे वेगळे."

या वेळी सगळे अधिक मोठ्याने हसले. त्यांत तोही होता. एका शेतकऱ्याला, ज्याने एकेका पानासाठी शब्दकोश झिजवला, एका वकिलाने भर मंडळात हे ऐकवले. मी तेवढ्यावर थांबलो नाही. आत जाऊन त्या लाल पुस्तकात, किल्ला पडल्याच्या परिच्छेदाशेजारी, तेच वाक्य लिहिले: 'आपण पुस्तके जमवता. वाचत नाही.' खाली दोन रेघा ओढल्या. निघताना पुस्तक त्याच्या हातात ठेवले. त्याने ते उघडून पाहिले, मिटले, काखेत धरले आणि म्हणाला, "येतो."

एरवी महिन्याभरात येणारे उत्तर आले नाही. पुढच्या बैठकांना तोही आला नाही. गुडघ्याने आणि नंतर छातीने त्याला जखडले होते, रुसव्याने नव्हे. याला माझ्याकडे पुरावा आहे. दिवाळीला त्याचा फोन आला. कापूस, थंडी, नातवंडे हे सगळे बोलून झाल्यावर मीच विचारले, "आणि आमच्या आक्षेपाचे उत्तर?"

"लिहून राहिलो ना. घाई नोका करू," तो म्हणाला. "तुमी येवढं खोल वखरून ठेवलं, आता पेरायले टाइम लागन का नाही?"

आणि तो हसला. त्या हसण्याचा मी पुढे अनेकदा विचार केला आहे. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी तो गेला.

हा फोन मी गटावर सांगितला तेव्हा बँकवाल्यांनी लिहिले, 'दुःखात माणसाला असे आठवते.' उत्तर लाल पुस्तकात होते. तो गेल्यानंतरच्या चार महिन्यांत मला दुसरे काही नको होते. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तरी चालल्या असत्या.

त्याचा संग्रह अकोल्याच्या एका वाचनालयाला द्यायचे घरच्यांनी ठरवले. देण्याआधी एका रविवारी मंडळाने शेवटचे त्याच्याच घरी जमावे, असे वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, सुचवले. मी सर्वांच्या आधी पोहोचावे म्हणून सकाळची पहिली गाडी धरली, पण बँकवाले त्यांच्या मोटारीने माझ्याआधी आले होते आणि कपाटापुढे फोन धरून बोलत होते, "पाहा मंडळी, एकेक पुस्तक कसं नवं कोरं ठेवलंय!"

नवे कोरे हा शब्द मला खटकला. मी वरच्या खणातून लाल पुस्तक काढले आणि ते पान उघडले.

समास पांढरा होता.

मी दुसरे पान पाहिले, तिसरे पाहिले. शेजारचे पुस्तक काढले. पंचवीस वर्षांतला एकही शब्द कुठे नव्हता. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"सारं पुसून ठेवलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "वाचनालयवाले म्हनत होते, साफ पुस्तकं द्या. अन् लोकं काय म्हनतीन, हे दोघं जनमभर भांडतच होते? त्यायचं नाव राहू द्या, तुमचंबी राहू द्या. महिनाभर रोज दुपारी बसली मी. तीन रबरं लागले."

मी विचारले, "या पानावर, माझ्या वाक्याखाली, काही होते का?"

त्यांनी पुस्तक हातात घेतले. त्यांना ते पान आठवत होते.

"होतं ना. चार-पाच ओयी होत्या त्यायच्या. बारीक. येकदा रबर फिरोला अन् गेल्या. तुमचंच जात नव्हतं, भाऊजी. लय घासलं."

"वाचल्या का, वहिनी?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिले. "वाचत बसली असती तं पुसू शकली असती का मी?"

मी पुस्तक खिडकीशी नेले आणि उजेडात तिरपे धरले. माझे वाक्य कागदात कोरलेले होते. 'आपण पुस्तके जमवता. वाचत नाही.' दोन्ही रेघा स्पष्ट होत्या. त्याखालचा कागद सपाट होता. बोट फिरवून पाहिले, चष्मा काढून पाहिले. त्याने जमिनीला मारले नव्हते.

बँकवाल्यांना मी तिथेच सांगितले, "त्याने उत्तर लिहिले होते. चार-पाच ओळी. वहिनी साक्षीला आहेत."

"असं?" ते म्हणाले. "मग काय लिहिलं होतं?"

मी पुस्तक मिटून काखेत धरले.

वहिनी म्हणाल्या, "तुमीच ठेवा हे पुस्तक." मी नाही म्हणालो. पुस्तक माझे झाले असते तर त्यात लिहिण्याचा माझा हक्क गेला असता. "उसने नेतो," मी म्हणालो. त्यांना यातले काही कळले नसावे. पण त्यांनी ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

घरी मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. शब्दकोश घेऊन, ओळीवर बोट ठेवून. आतल्या तटाला शिडी लागली, मोजकी माणसे चढली आणि त्यांनी दार उघडले, असे तिथे सरळ इंग्रजीत लिहिले आहे. फितुराचा उल्लेख नाही. तो मी कुठून आणला हे मला आठवत नाही. माझ्या तीन कपाटांत शोधले, कुठेही सापडला नाही.

वाचनालयाच्या माणसाने दोनदा फोन केला. एक पुस्तक कमी भरते, म्हणाला. मी त्याला सांगितले की परत करायचे आहे, समासात लिहून होताच धाडतो. पेन्सिल पुस्तकावर ठेवली आहे. माझ्या वाक्याखाली चार-पाच ओळींची जागा आहे. ती त्याची आहे, मी तिथे लिहिणार नाही. तिच्या खाली, पानाच्या अगदी तळाशी, एक शब्द मावेल एवढी जागा उरते. 'मान्य' हा शब्द तिथे बसतो. पण मान्य काय करायचे, हे त्याने लिहिले होते आणि ते मी वाचलेले नाही.