दांडा कापलेली सायकल

आमचे हे खोटं बोलायला लागले की आधी चहाची स्तुती करतात. त्या सकाळी दोनदा केली, तेव्हाच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलाकडे आखातात, अल खौदला कायमचं यायचं ठरलं, तेव्हा ह्यांनी हट्टानं आपली कॉलेजातली सायकल पुण्याहून आणवली. तिला कुणी बोट लावलेलं खपायचं नाही. रोज पहाटे तिच्यावरून फेरी. आणि अलीकडे महिन्याभरात तिचं रूपच पालटायला लागलं! आधी सीट खाली आली. मग हँडल वर गेलं. मग चामड्याची कडक सीट जाऊन गुबगुबीत रुंद सीट आली. "वयाप्रमाणे बदलायला हवं गं," म्हणे. हा माणूस चहातला साखरेचा तिसरा चमचा सोडत नाही अजून!

मला वाटलं, पडलेत नक्की, आणि लपवतायत. आंघोळ करून आले की मी ह्यांची कोपरं, गुडघे निरखायची. साधं खरचटलेलंही नाही. पण ह्या वयात खुबा मोडला तर? जिवाला नुसता घोर.

मग एक दिवस सायकल आली ती वरच्या आडव्या दांड्याशिवायच. तो कापून खाली तिरका जोडलेला. माझं डोकंच फिरलं. तरातरा मेकॅनिककडे गेले. रत्नागिरीचा माणूस, इथे तीस वर्षं झाली तरी बोली तीच.

"खरं सांगा, हे किती वेळा पडले?"

"काका कशाला पडतील, काकी? सायकल तुमच्यासाठी करायला दिलीय. मापाला तुमची सलवार आणलानी. बोलले, तिचे गुडघे दुखतात, पाय वर टाकायला लागता नये."

"आणि हे?"

तो पाना पुसत राहिला. "काकांनी महिना झाला चालवायची सोडली. हातात धरून आणतात."

म्हणजे पहाटे हे तिच्या शेजारून नुसते चालत होते! घरी येऊन मी फटकन विचारलं.

"डाव्या डोळ्याचं दिसणं गेलंय," हे म्हणाले. "उजव्याचंही जाणार, असं डॉक्टर म्हणाले."

"एकटेच गेलात? मी काय मेले होते?"

"रागावू नकोस. कॉलेजला जायचीस तशी चालव. पोरांना नकोय ती."

"मला नको तुमची सायकल!" मी ओरडले आणि मला रडूच कोसळलं.

"चालव गं," हे म्हणाले. "फक्त घंटी वाजवत राहा. कुठवर आलीस ते मला कळेल."