उपवास नव्हे

सुनंदाने आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. फाटकाशी स्कूटर थांबायची, आणि अंगणातूनच हाक यायची, "अरे माधवा, आहेस का?" माधव म्हणजे माझा नवरा. मी सांगलीहून लग्न होऊन म्हैसूरला आलेली. सासूबाईंसमोर ह्यांना "अहो" म्हणतानासुद्धा पदर सावरायची, आणि ही बया अरे-तुरे करत, अंगाला गोठ्याचा वास घेऊन, थेट स्वयंपाकघरापर्यंत. माझं पित्त खवळायचं.

ती येलवालकडे गुरांची डॉक्टर होती. दोघं एकाच गल्लीत वाढलेली, इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी रंगाऱ्यांच्या घरांतली. तिने लग्न केलं नव्हतं. काय काम काढलं म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "सुम्ने आले, वैनी." सुम्ने म्हणजे उगीच. दर रविवारी उगीच कोण येतं हो? आणि आमचे हे, माझ्याशी मीठ कमी आहे आणि बिल भरलंस का, एवढंच बोलणारे, तिच्यापुढे मात्र ऑफिसातला अपमान, वडिलांची आठवण, सगळं ओतायचे. मी आत कढईवर झारा आपटत ऐकायची.

शेवटी ठरवलं, हिचं लग्नच लावून टाकायचं. दसऱ्याला इथे घरोघर बाहुल्या मांडतात. सगळ्यांत वर राजा-राणीची लाकडी जोडी असते. मुलीला ती लग्नात माहेरहून मिळते. मी एक नवी जोडी विकत आणली आणि बाहुल्या बघायच्या निमित्ताने सुनंदाला बोलावलं. त्याच वेळी कृष्णराजनगरचे एक विधुर भातगिरणीवालेही आले. अर्थात योगायोगाने नव्हे.

सुनंदा त्यांच्याशी छान बोलली. त्यांच्या म्हशीला काय चारायचं ते सांगितलं. मग आत आली, जोडी हातात घेऊन.

"आईने ही मला दिलीच नाही. लग्नाशिवाय मिळत नाही म्हणाली. मी ठेवून घेते हं, वैनी. गिरणीवाले तेवढे बेडा, नकोत मला, परत पाठवा."

मला वाटलं, कुणी फसवलं असेल हिला. तसं विचारलंही. ती ओट्याला टेकून हरभऱ्याची उसळ खात होती.

"अय्यो, कोण फसवणार? लोकांना प्रेमाची भूक लागते ना, ती मला लागलीच नाही. उपवास नव्हे हा. उपवासात भूक असते." मग म्हणाली की अंगाची ओढ वेगळी आणि मनाची वेगळी. तिच्या बेंगळुरूच्या भाचीला पहिली नाही पण दुसरी आहे. हिला दोन्ही नाहीत. असेक्शुअल, अरोमँटिक हे शब्दही भाचीनेच सांगितले. "नाव कळलं तेव्हा बरं वाटलं. तोवर वाटायचं, मीच एक अशी. माया आहे हो मला. माधवावर आहे, तुमच्यावरपण आहे."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट जास्तच जळफळाट झाला. प्रेमाचं लफडं असतं तर भांडता तरी आलं असतं. काहीच नको असलेल्या बाईशी भांडायचं कसं? आणि नवरा मन मोकळं करतो तेही तिच्याचपाशी!

पण त्या दिवसापासून ती माझ्यापाशीही बसायला लागली. पावटे सोलता सोलता मी तिला जे सांगितलं, ते सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. पुढे पुढे ती ह्यांच्याशी बाहेर फार वेळ बोलत बसली की मीच हाक मारायची, "सुनंदा, आत ये की."

गेल्या वर्षी ती निवृत्त झाली आणि टी. नरसीपूरला राहायला गेली. हॉस्टेलची मैत्रीण आहे म्हणे तिथे, शांता. दोघींनी मिळून नदीकडे घर घेतलं. सुनंदाने हे सांगितलं तेव्हा ह्यांनी "छान झालं" म्हटलं आणि मी न्हाणीघरात जाऊन रडले. मला विचारलंसुद्धा नाही तिने. का विचारावं, हेही मला सांगता येणार नाही.

ती शांता मी पाहिलेली नाही. पाहायचीही नाही मला. दुपारी आता सुनंदा तिच्याबरोबर पावटे सोलत असेल. सुनंदापायी नवरा जाईल म्हणून मी इतकी वर्षं जळले. हे इथेच आहेत, समोर पेपर वाचत बसलेत. गेली ती.