साहेब पाहणीला येणार म्हणून

मुलुंडला आमच्या चाळीत राहणाऱ्या एक काकू दारात आलेल्या प्रत्येकाला आधी "पसारा बघू नको हं" असं म्हणायच्या. मी मोर्चाची पत्रकं द्यायला गेलो तरी तेच. पसारा म्हणजे दोन शिलाई मशिनी आणि ब्लाउजांचे ढीग. समोरच्या टेलरने तक्रार केली, तेव्हा घरात धंदा करायची परवानगी काढायला मी त्यांच्याबरोबर वॉर्ड ऑफिसात खेटे घातले, भांडलो. शेवटी तिथल्या साहेबांनी पाहणीला यायचं ठरलं.

त्या दिवशी काकूंनी मदतनीस बाईला सुट्टी दिली, मशिनी शेजारी नेऊन ठेवल्या आणि पोहे केले. साहेब पोहे खाऊन गेले. 'व्यवसाय आढळला नाही' म्हणून अर्ज फेटाळला.

"काकू, मशिनीच तर बघायच्या होत्या त्यांना."

"अरे, एवढा मोठा माणूस घरी येणार, त्याला चिंध्यांत बसवू?"

पुढच्याच महिन्यात त्याच निर्लज्ज ऑफिसातून विनापरवाना धंदा बंद करायची नोटीस आली. मशिनी विकल्या गेल्या. आता ती खोली दिवसभर आवरलेली असते, आणि मला तिथे फार वेळ बसवत नाही.