एका चिरुटाएवढं बोलणं

चिरूट म्हटला की लोकांना टोपीवाला साहेब आठवतो. जळगावात पिंप्राळ्याला मी ओट्यावर बसून ओढायला लागलो तेव्हा कॉलनीतली पोरं मला 'साहेब' म्हणून चिडवायची. चिडवेनात का. मी चौथी नापास माणूस, उभा जन्म ट्रक चालवला, आणि चिरूट मला कुण्या साहेबाने नाही, कापसाने लावला.

आमच्या गाडीत कापसाच्या गाठी असायच्या. जिनिंगमधून भरायच्या आणि खाली कोइमतूरकडच्या गिरण्यांना पोचवायच्या. कापूस भरलेल्या गाडीत काडी ओढायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. केबिनमध्ये नाही, गाडीच्या सावलीत नाही. धाब्यावर गाडी लावायची, वारा कुठून आहे ते बघायचं, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला एक वावर ओलांडून लांब जाऊन बसायचं. एवढी पायपीट करून बिडी ओढायची म्हणजे चार झुरक्यांत संपली, की परत यायचं. जीव भरत नाही. तिकडच्या मुलखात एका हॉटेलवाल्याने मला पहिला चिरूट दिला. जाड, काळा, दोऱ्याने बांधलेल्या जुडीतला. तो संपेपर्यंत क्लीनरचं जेवण झालं, झोप झाली. मी म्हटलं, हे आपल्या कामाचं. दिवसातून एकदाच ओढायचं, पण ओढल्यासारखं ओढायचं. तेव्हापासून बिडीला हात लावला नाही.

गाडी सुटली, चिरूट राहिला. जळगावात मनासारखा मिळत नाही. मिळतो तो धुळ्याला, एका गल्लीतल्या जुन्या मारवाडी शेठकडे. दुकान सुपारीचं, पण माझ्यासाठी आणि आणखी दोन-तीन म्हाताऱ्यांसाठी शेठ खालच्या मुलखातून पार्सल मागवतो. मी एस.टी.ने जातो. जुडी सोडायला लावतो आणि एकेक हातात घेऊन पाहतो. चिरूट बोटांत हलके दाबायचा. सगळीकडे सारखा लागला पाहिजे; मध्येच पोकळ लागला तर एका अंगानेच जळत जातो. कानाशी धरून चोळायचा. करकर वाजला तर वाळून गेला. पानाच्या शिरा जाड असल्या तर तो बाजूला. मग शेंड्याचा वास.

शेठ गल्ल्यावरून वैतागून बघतो. एकदा म्हणाला, "नाना, पोरगी पाहायला आल्यासारखं काय फिरवून फिरवून बघता?"

मी म्हटलं, "पोरगी पाहायला गेलो तेव्हा एवढं पाहिलं नव्हतं, शेठ. म्हणून तर आता बघतो."

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मीही पाहिलं नव्हतं, नाहीतर आज इथं नसते.

चिरूट विकत घेणं सोपं, सांभाळणं अवघड. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे लोखंडसुद्धा तडकेल असा. वाळका चिरूट ओढला तर घशाला आग लागते आणि पान उकलून हातात येतं. मी केळीच्या हिरव्या पानाचा तुकडा घ्यायचो, त्यात चिरूट गुंडाळायचो आणि डबा माठाच्या तिवईखाली गारव्याला ठेवायचो. पान पिवळं पडलं की बदलायचं. सुनेला ते आवडायचं नाही. पाण्याला तंबाखूचा वास येतो म्हणायची. मला कधी आला नाही.

एका पावसाळ्यात मात्र फसलो. पान ओलंच राहिलं आणि डब्यातले सगळे चिरूट पांढऱ्या बुरशीने भरले. मी टाकून देणार होतो. बायकोने ते माझ्या हातून घेतले, फडक्याने एकेक पुसला, आणि ऊन पडलं तसे गच्चीवर वाळत घातले. घातले कुठे, तर उडदाच्या पापडांच्या शेजारी. तिला वाटलं दोन्ही वाळवायचंच तर एकाच खाटेवर. पुढे व्याही आले, पापड तळले, आणि व्याह्यांनी पहिला घास घेऊन विचारलं, मसाला कुठला? ती तोंडाला पदर लावून आत पळाली. मी म्हटलं, कोइमतूरचा.

प्रवासात चिरूट मोडतो, त्याचीही मी सोय केली होती. ठिबकवाल्याकडून पाइपाचा वीतभर तुकडा आणला, एका तोंडाला झाकण चिकटवलं, दुसऱ्याला लाकडाचं बूच. वर कुणी बसलं तरी आत काही होत नाही. पण प्रवासात मी ओढत नाही. पारोळ्याला गाडी थांबते तेवढ्यात चिरूट होत नाही, आणि अर्धा विझवून पुन्हा पेटवला की कडू लागतो. लोक चहा पितात, मी खिडकीतून किल्ल्याची भिंत बघतो.

एवढं सगळं सांगितलं ते यासाठी, की चिरूट ही माझी गंमत होती असं कुणाला वाटू नये. आमच्या घराचा कारभार त्याच्यावर चालायचा.

मी गाडीवर असायचो तेव्हा महिन्यातले थोडे दिवस घरी. आलो की झोपायचो, नाहीतर चिडायचो. बायकोला माझ्याशी बोलायला एकच वेळ सापडायची. संध्याकाळी मी ओट्यावर चिरूट पेटवला की ती दादर ज्वारी निवडायला सूप घेऊन उंबऱ्यात बसायची. चिरूट पेटलेला असेपर्यंत मी उठत नाही आणि ओरडत नाही, हे तिने ओळखलं होतं. ती विचारायची, मी लगेच उत्तर द्यायचो नाही. झुरका घ्यायचा, राख वाढू द्यायची, ती पडली की बोलायचं. लेकीचं स्थळ असंच ठरलं. पिंप्राळ्याचं घर असंच घेतलं. गाडी विकायची हेही ओट्यावरच ठरलं, त्या दिवशी तिने सूप बाजूला ठेवलं होतं. पुढे मी कायमचा घरी आलो तरी ती रीत मोडली नाही. दिवसभर आम्ही एकमेकांशी चहा-जेवणापुरतं बोलायचो. बाकीचं संध्याकाळवर.

गेल्या दिवाळीनंतर तिला धाप लागायला लागली. मोरीतून ओट्यापर्यंत आली तरी भिंतीला टेकायची. डॉक्टर म्हणाले फुप्फुसं कमजोर झाली आहेत, घरात धूर नको. चुलीचा धूर तिने पहिली कित्येक वर्षं खाल्ला, त्याचं कुणी नाव काढलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मुलगा म्हणाला, नाना, आता सोडा. सुनेने डबा तिवईखालून काढून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवला. मी सोडणार नव्हतो. मी चूक करत होतो असं मी आजही म्हणणार नाही. मी फक्त जागा बदलली. आधी फाटकापाशी, मग रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली, मग तिथूनही वारा घराकडे येतो म्हटल्यावर पार मोकळ्या प्लॉटवर. तिथे मी दगडावर बसून ओढायचो, आणि ती इकडे उंबऱ्यात सूप घेऊन बसायची. मधे दोन गल्ल्या.

बोलणं बंद पडलं. कुणी बंद केलं नाही, जागाच राहिली नाही. आणि मग घरातल्या गोष्टी मला न विचारता व्हायला लागल्या. एक दिवस माघारी आलो तर पुढच्या खोलीतली माझी खाट आतल्या खोलीत सरकवलेली. म्हटलं हे कुणी ठरवलं? मुलगा म्हणाला, डॉक्टर म्हणाले आईला हवेशीर जागा पाहिजे, तिला पुढे घेतलं. गोष्ट बरोबरच होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, मी धुळ्याला लेकीकडे जातो. कुणी थांबवलं नाही. बायको अंगावर पांघरूण घेऊन पडली होती. तिने भिंतीकडे तोंड केलं.

पिशवीत दोन धोतरं, चिरुटांचा पाइप, काड्यापेटी. हमरस्त्याने गाडी भन्नाट पळते आता, पूर्वीसारखी आदळत नाही, पण मला तो प्रवास लांबच लांब वाटला.

लेक देवपुरात राहते, दुसऱ्या मजल्यावर. जावई भला माणूस. घरात ओढलेलं चालत नाही हे लेकीने हसत हसत सांगितलं आणि गच्चीची किल्ली माझ्या हातात दिली. तिथे रोज संध्याकाळी मी एकटा. सगळं मनासारखं होतं. वारा मोकळा, कुणाचा खोकला नाही, शेठचं दुकान चालत जाण्याइतकं जवळ. आणि चिरुटाला चव नव्हती. मी जुडी बदलली. शेठशी भांडलो, तू माल बदललास म्हटलं. तो म्हणाला, "नाना, माल तोच आहे. तुम्हीच कुठून तरी वेगळे आलात." मी त्याला शिवी दिली आणि तीच जुडी घेऊन आलो.

आमच्याकडे माणूस रुसून गेला की घरचं कुणीतरी घ्यायला येतं. बाई रुसली तर नवरा जातो, म्हातारा रुसला तर मुलगा येतो. मग तो दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा पिशवी उचलतो. मी वाट बघत होतो. मुलाचा फोन यायचा, जेवलात का, औषध घेतलं का. या म्हणायचा, पण घ्यायला येतो असं म्हणायचा नाही. लेक म्हणायची, नाना, तुम्हाला पालखी पाठवायची का? मी म्हणायचो, मी काही अडून बसलो नाही. अडूनच बसलो होतो.

एका संध्याकाळी मी गच्चीवर नुकताच चिरूट पेटवला होता. खाली रिक्षा थांबली. मुलगा उतरला, आणि त्याचा हात धरून ती. ऊन खाली गेलेलं, तरी तिने डोक्यावर ओला रुमाल घेतला होता. वर बघितलंसुद्धा नाही तिने. जिन्यात शिरली. लिफ्ट नाही त्या इमारतीला.

पहिलाच झुरका झाला होता. मी चिरूट कुंडीतल्या मातीत खुपसला आणि खाली उतरलो.

ती पहिल्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली होती. मुलाला मी वर जा म्हटलं. मी तिच्यापासून दोन पायऱ्या खाली बसलो, म्हणजे तोंड तिच्या तोंडासमोर नको. तिची धाप ओसरू दिली.

मग तिच्या गावाकडच्या बोलीत म्हणाली, "तुम्हना अंगले वास येस."

"येईलच. आत्ताच पेटवला होता. तू कशाला आलीस? फोन होता."

"फोनवर मी तुम्हनाशी कधी बोलनी शे का?"

ते खरंच होतं. फोनवर ती मला जेवलात का, एवढंच विचारायची आणि लेकीला द्या म्हणायची.

थांबत थांबत तिने सांगितलं ते असं. डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं आहे. नाकात नळी, दिवसातला बराच वेळ. नळी लांब असते, उंबऱ्यापर्यंत पुरते. पण मशीन आलं की त्या घरात आणि ओट्यावर कधीच काडी ओढायची नाही, भडका उडू शकतो. मुलगा मशीन आणायला तयार होता. हिने त्याला अडवून ठेवलं होतं.

"मी पोऱ्याले सांगं, नानासले इचारा बिगर मी मशीन लेवाव नही," ती म्हणाली. "लेवानं का नही, तुम्ही सांगा."

मला राग आला. श्वास हिचा चालला आहे आणि परवानगी माझी मागते. मी म्हटलं यात विचारायचं काय, वेडी आहेस का.

ती म्हणाली, "इतला वरीस इचारं, आते का बरं नही इचारू?"

मी खिसा चाचपला. सवयीने. पाइप वरच राहिला होता. हातात काही नव्हतं, राख पडायची वाट बघायला राखही नव्हती. जिन्यातून एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली, आम्ही पाय आखडून घेतले.

"घे," मी म्हटलं. "उद्याच आणायला सांग. घरात गाठी भरल्या आहेत असं समजू."

"आनि तुम्ही?"

"मी सकाळी जाईन लांब. संध्याकाळी नाही."

"संध्याकायले नुसता बसशात? बोलशात?"

"तू बोल. बोलायचं तुलाच असतं."

ती हसली, आणि हसण्याने तिला खोकला आला. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला उठलो, तर तिने हाताने लांब राहा अशी खूण केली. वासामुळे. मी पुन्हा खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी तिघं परत आलो. मला घ्यायला कुणी आलं होतं की नाही हे कुणी बोललं नाही, मीही नाही.

आता मशीन पुढच्या खोलीत घुरघुरतं. सकाळी चहाआधी मी प्लॉटवर जातो, एक चिरूट ओढतो, येऊन आंघोळ करतो, सदरा बदलतो, तोवर तिच्याजवळ जात नाही. सकाळचा चिरूट रिकाम्या पोटी डोकं गरगरवतो. थकवा येतो. पण चालतं.

संध्याकाळचं गणित अजून बसत नाही. ती नळी लावून उंबऱ्यात येते, मी ओट्यावर असतो. पहिले काही दिवस तर आम्ही रस्त्यावरच्या गाड्या बघत बसलो. तिने काही विचारलं की मला उत्तर सुचत नाही, आणि गप्प बसलो तर चिडलो असं तिला वाटतं. हातांचं काय करायचं तेही कळत नाही. म्हणून तिने सूप माझ्याकडे सरकवलं. दादर मी निवडतो. खडे राहतात, सून दुसऱ्यांदा निवडते, माझ्यादेखत.

काल तिने विचारलं की तिच्या पाटल्या कुणाला द्यायच्या, लेकीला का सुनेला. मी म्हटलं हा विषय आत्ता कशाला. ती म्हणाली आत्ता नाही तर कधी. मी दाणे इकडचे तिकडे करत राहिलो. ती वाट बघत होती.

"तुझ्या मनात असेल तसं कर," मी शेवटी म्हटलं.

"ते मी करसूच," ती म्हणाली. "तुम्हना मनमा काय शे, ते सांगा."

मला उत्तर तयार करायला वेळ नव्हता. ती बघतच होती. मग मी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं.